पाव्हण्यांचं घर

मालाड स्टेशनाबाहेरून २७२ नंबरची बस घ्यायची, मार्वेला शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि तरीत बसायचं. थोडा वेळ पाण्यावर, की आलं मनोरी. महापालिका तीच, मतदानही त्याच मुंबईचं. तरी माझी आजी मालाडला कांदे आणायला निघाली की ‘मुंबयला जाते’ असंच सांगायची. १९५७ साली दहिसरपर्यंतच्या गावांबरोबर आमचंही गाव बृहन्मुंबईत गेलं, तोवर तिचा निम्मा संसार होऊन गेला होता. खाडी ओलांडून आलेलं माणूस तिच्या लेखी पाव्हणा, मग तो मालाडचा असो की मलबार हिलचा.

आणि पाव्हण्यांवर तर आमचं घर चाललेलं. खाडी समुद्राला मिळते तिथून जरा अलीकडे तिवरांची रांग संपते आणि सुरूची झाडं सुरू होतात. तिथं आमचं दुमजली कौलारू घर उभं आहे. खाली आम्ही, वर पाव्हणे. जिना बाहेरून, म्हणजे पाव्हण्यांचा आमच्या ओटीवरून वावर नको आणि आमच्या पोरांचा गलका त्यांच्या खोल्यांत नको. घर नक्की कधी बांधलं हे कुणालाच माहीत नव्हतं. मधल्या दाराच्या चौकटीवर क्रूस कोरलेला आहे, त्याच्याखाली साल होतं असं सगळे म्हणायचे. पण दर ईस्टरला चढवलेल्या रंगाच्या थरांखाली ते कधीच बुजून गेलेलं.

आमच्या बेटाला धारावी बेट म्हणतात. दादर-माहीमजवळची धारावी वेगळी, ही आमची धारावी वेगळी. उत्तन, डोंगरी, गोराई, कुळवेम, मनोरी ही सगळी हिच्यावरची गावं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला आमची खाडी, पश्चिमेला दर्या. १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि त्यांच्याच राज्यात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं वसई घेतली, त्याच मोहिमेत धारावीचा किल्लाही पडला. वसईकडच्या चर्चच्या घंटा तेव्हा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे ती त्यांतलीच एक. आजी सांगायची की आमच्या घराण्यातल्या कुणा पुरुषानं अशीच एक घंटा विहिरीत सोडून वाचवली. तिची बहीण गोराईला दिलेली; तिच्या गोष्टीत तीच घंटा, पण विहीर गोराईची. सणाला दोघी एकत्र आल्या की हा वाद ठरलेला. त्यांचा वाद मला अजून ऐकू येतो, घंटा मात्र दोन्ही विहिरींत कुणी पाहिलेली नाही.

आम्ही ईस्ट इंडियन. मराठी बोलणारे इथलेच भूमिपुत्र. गोव्याहून आणि मंगळुरूहून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या ख्रिस्ती माणसांहून आपण निराळे हे सरकारदरबारी कळावं म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या पन्नाशीच्या उत्सवात, समाजानं हे नाव घेतलं. पणजीला हे नाव फारसं माहीतच नसावं. विचारलं तर ती ‘मनोरीकर’ म्हणायची, असं आजी सांगे.

पाव्हण्यांची सुरुवात पणजीच्याही सासूच्या काळातली, म्हणजे हे सगळं तिसऱ्या-चौथ्या तोंडून आलेलं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि ज्याला जमेल तो शहर सोडून पळू लागला. गावागावांत प्लेगचे क्रूस उभे राहिले, त्यांच्यासमोर संध्याकाळी सगळं गाव प्रार्थनेला जमायचं. अशा दिवसांत एक पारशी कुटुंब पडावातून आमच्या किनाऱ्याला लागलं. नवरा, बायको, तीन मुलं, एक म्हातारी आणि पितळी कड्यांची मोठी पेटी. गावानं त्यांना उतरू द्यायचं की नाही यावर पाखाडीत बरीच बोलाचाली झाली. शेवटी काही दिवस त्यांनी जाळी ठेवायच्या झोपडीत काढावेत, अंगात ताप नाही असं दिसलं तर घरात घ्यावं, असं ठरलं. किती दिवस, कुणी ठरवलं, हे आता सांगता येणार नाही. त्यांचं जेवण केळीच्या पानावर झोपडीपासून दूर दगडावर ठेवलं जाई, आणि पारशीण बाई पान उचलायच्या आधी रोज हात जोडायची, एवढं मात्र प्रत्येक पिढीनं न चुकता सांगितलंय.

पुढच्या थंडीत ती माणसं पुन्हा आली. या वेळी प्लेगच्या भीतीनं नव्हे, हवापालटाला. ज्यांना परवडे ते माथेरानला जात. १९०७ साली तिथं छोटी रेल्वेही झाली. ज्यांना डोंगर मानवत नसे किंवा खिशाला झेपत नसे त्यांच्यासाठी समुद्राची हवा होती. डॉक्टरही छातीच्या दुखण्याला ‘महिनाभर दर्यावर जाऊन राहा’ असं सांगायचे. त्या कुटुंबानं आपले भाऊबंद आणले, भाऊबंदांनी शेजारी आणले. वरच्या मजल्याचं भाडं घरात येऊ लागलं ते असं.

आजी या घरात सून म्हणून आली ती पंधरा-सोळा वर्षांची असताना. आल्या आल्या सासूनं तिला दोन गोष्टी शिकवल्या. एक बाटली मसाला, दुसरी तिथी. आजी रविवार न चुकवणारी, माळेची प्रार्थना झाल्याशिवाय न जेवणारी बाई. पण चुलीच्या बाजूला भिंतीवर हिंदू पंचांगाचा कागद कायम, आणि १९७३ मध्ये कालनिर्णय निघाल्यावर ते. कारण पाव्हणा पाण्यावरून येणार, आणि पाणी चंद्रावर चालणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या पुढेमागे. दिवसाही आणि रात्रीही. आजी शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण हा पाऊणपटीचा हिशेब ती भाकरी थापता थापता करायची. पुनव-अवसेला उधाणाची भरती, पाणी आमच्या कुंपणाच्या दगडापर्यंत. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ना धड चढत ना धड उतरत.

धक्का नव्हता तेव्हा सुकतीच्या वेळी तरीची होडी मध्येच गाळात अडायची. पुढे गुडघाभर चिखल. पुरुष माणसं धोतर, पाटलोण वर खोचून चालत येत. बायकांना आणि आजाऱ्यांना आमच्याकडचे गडी खुर्चीत बसवून उचलून आणत. ती खुर्ची अजून आहे, वेताची, हातांना घासून काळी झालेली. माझे पप्पा त्या गाळात जन्मायचे राहिले म्हणतात. आजीला कळा सुरू झाल्या, मालाडला न्यायचं ठरलं आणि नेमकी सुकती. आजीच्या सांगण्याप्रमाणे सुईण धावत किनाऱ्यावर आली आणि आजीला परत घरी आणलं. पप्पांची मावशी मात्र शपथेवर सांगायची की पोर तरीतच झालं आणि नाळ कोळ्याच्या कोयत्यानं कापली. मोठेपणी पप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, ‘मला काय आठवतंय?’

आता जेवणाचं. आमच्याकडे काय खायचं हे पाव्हण्यानं ठरवायचं नाही, हा आजीचा नियम. सकाळी होड्या काय आणतील ते दुपारी पानात. बोंबील असले तर दोन पाटांमध्ये दाबून, पाणी काढून, तांदळाच्या पिठात घोळवून तळायचे. बोय मिळाली तर पारशी पाव्हणे खूश. तिवरांच्या मुळांत निवट्या मिळत, पण त्या पाव्हण्यांना क्वचितच दिल्या जात, कारण पप्पा आणि काका त्यांच्यावर आधीच डोळा ठेवून असत. चिंबोऱ्या अंधाऱ्या पक्षात भरलेल्या असतात, चांदण्यात पोकळ, म्हणून पुनवेला आलेल्या पाव्हण्याला आजी चिंबोरी रांधतच नसे. कुणी हट्ट धरला तर सांगायची, ‘बाबा, अवसेला ये.’ आणि लोक खरंच अवसेला यायचे.

या सगळ्याच्या मुळाशी बाटली मसाला. एप्रिल-मे महिन्यांत उन्हं कडक झाली की मिरच्या ओटीवर पसरायच्या. काश्मिरी मिरची रंगाला, दुसरी तिखटाला. धणे, तीळ, खसखस, हळकुंड, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, शिवाय भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ. वीस-पंचवीस जिन्नस सहज. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सुनेलाच सांगायचं, लेकीला नाही, कारण लेक ते दुसऱ्या घरात घेऊन जाणार. (आजीनं हा नियम माझ्या आत्यासाठी मोडला. आत्यानं लग्न केलं नाही, आणि आजीनंतर घर तिनंच चालवलं.) कुटणाऱ्या बायका लाकडी उखळी घेऊन घरोघरी येत. तिघी-चौघींची मुसळं एकापाठोपाठ एक पडायची, मध्ये गाणं. मसाला बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, वर बूच, बुचावर मेण. उजेड लागला की रंग उडतो. त्या तपकिरी बाटल्या पाव्हण्यांकडूनच जमत.

यावरून दारूबंदीची गोष्ट आठवली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि पुढची पंधरा-वीस वर्षं आमच्या बेटाचं नाव पोलिसांच्या तोंडी फार झालं. खाडी, तिवरं, आडवाटा; हातभट्टीला आणखी काय लागतं? शहरातून येणाऱ्या काही पाव्हण्यांची हवेपेक्षा त्याचीच ओढ असे. आजी कडक. आपल्या लग्नाकार्यात खीमड लागतं, त्याला तिची ना नव्हती, पण भाड्याच्या खोलीत बाटली निघाली तर माणूस पुढच्या भरतीला परत. पोलीस लाँच येताना दिसली की कुणीतरी बाटल्या सुतळीला बांधून तिवरांच्या मुळांत गाळात सोडल्या आणि नंतर उधाणात सुतळीच तुटली, ही गोष्ट मी आमच्या घराची म्हणून ऐकली, शेजाऱ्यांच्या घराची म्हणूनही ऐकली. गाळाखाली अजून काही असेल तर तिवरांना ठाऊक.

मोठा इतिहास आमच्याकडे बहुधा आवाजानं पोचायचा. दुसऱ्या महायुद्धात मार्वेला गोरे सैनिक आले, त्यांच्या होड्यांची घरघर रात्रभर. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा आजी विहिरीवर होती. दोनदा धडाम झालं आणि वरच्या मजल्याच्या काचा थरथरल्या. वर उतरलेले एक गृहस्थ फोर्टातल्या कचेरीत कारकून होते, आजारपणाच्या रजेवर आलेले. दक्षिणेकडे आभाळ काळं झालेलं पाहून ते ओटीवर बसून राहिले, जेवले नाहीत. आजीनं त्यांच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला आणि बाजूला बसून राहिली. बोलायचं काय, हे दोघांनाही सुचत नव्हतं. पुढे ते गृहस्थ दर एप्रिलला दोन दिवस येऊन राहत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आजीनं विचारलं नाही.

१९४८ च्या नोव्हेंबरातलं तुफान मात्र थेट घरात शिरलं. तेव्हा सुरूची झाडं आडवी झाली, आढ्याजवळची कौलं पानांसारखी उडाली. पाव्हणे आणि आम्ही सगळे खालच्या माजघरात, मधोमध पेट्रोमॅक्स, आणि आजोबा दाराला पाठ लावून उभे. सकाळी वारा पडल्यावर सगळ्यांनी, पाव्हण्यांनीसुद्धा, वाळूत विखुरलेली साबूत कौलं गोळा केली.

हे मी का सांगतेय? कारण त्या वर्षी घर नाताळच्या आत पुन्हा उभं राहिलं, आणि ते का राहिलं हे मला फार उशिरा कळलं.

आजीच्या घरात दोन वह्या असत, खरं तर एकच वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पुढून पाव्हण्यांची नावं. गुजराती, मराठी, इंग्रजी, आणि सत्तरच्या दशकात लांब केसांचे परदेशी तरुण येऊ लागले तेव्हा जर्मन आणि फ्रेंचही. त्या काळात आमच्या किनाऱ्याला परदेशी पाहुणे ओळखू लागले. मनोरीबेल हॉटेलचं नाव तर प्रवासाच्या इंग्रजी पुस्तकांतही छापून आलं. आमच्या घरी त्यातले थोडेच यायचे, ज्यांना रात्री झोप हवी असे. एकानं वहीत आजीचं चित्र काढलंय, नाकाच्या जागी फक्त एक रेघ, तरी ती लगेच ओळखू येते.

वही उलटी धरली की मागून हिशेब. दर वर्षी दोनदा. वैशाखात: कौलं उतरवली, फुटकी बदलली, रिपा, सुंभ, झाप. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीवर माडाच्या झापांची झड बांधायची, म्हणजे पावसाचा मारा थेट भिंतीवर येत नाही. मग दसऱ्यानंतर: झड सोडली, चुना, खिडक्यांना तेल. तेल म्हणजे मुशीच्या काळजाचं, जे होड्यांना लावत तेच. वास असा की पाव्हणे आणखी आठवडाभर घ्यायचे नाहीत. वर्षामागून वर्षं हेच. युद्ध असो, तुफान असो, आजोबा गेले ते वर्ष असो, वैशाखाची आणि दसऱ्याची नोंद चुकलेली नाही. तुफानानंतर घर लवकर उभं राहिलं, कारण गावातल्या दहा माणसांच्या हाताला त्या छपराची सवय होती. कुठला वासा कुठं बसतो हे त्यांना अंधारातही कळत होतं.

ऐंशीच्या दशकात हे थांबलं. पप्पांची पिढी नोकरीला लागली. कुणी बँकेत, कुणी आखातात. दर वर्षीची ही यातायात एकदाची संपवावी, घर पक्कं करावं, हा विचार त्यांनी आईवरच्या मायेनंच केला. तिनं म्हातारपणी शिडीखाली उभं राहून कौलं मोजू नयेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून आतून सिमेंटचा गिलावा झाला. पाव्हण्यांच्या खोल्यांपुढे लोखंडी सळ्या घालून काँक्रीटचा सज्जा काढला. घर चकचकीत दिसायला लागलं. आजीची सवय होती, पावसाळ्यात रोज सकाळी तळहात भिंतीला लावून बघायची. गिलाव्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिनं तसंच केलं आणि म्हणाली, ‘बाहेरून सुकी हाय. पन हिचा घाम आता आत जाल.’ तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारीला नवं काही रुचत नाही.

पुढची वर्षं मी झरझर सांगते, कारण ती आठवायला मला आवडत नाहीत. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, लाँचा भरभरून लोक खाडी ओलांडू लागले, पण ते संध्याकाळी परत जाणारे. आजी गेली. आत्यानं घर चालवलं, वहीच्या पुढच्या बाजूला नावं येत राहिली, मागची बाजू कोरी. सज्ज्याच्या खालून काँक्रीटचे पोपडे पडू लागले. खाऱ्या हवेत सळी गंजते, गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर येते. भिंतींच्या आत मीठ साठून माजघरातल्या भिंतीला पांढरी लव आली. आत्या रोज ती ब्रशनं झाडायची, रोज ती पुन्हा यायची. २००९ मध्ये गोराईचा विपश्यना पॅगोडा झाला, तिथल्या शिबिरांना जाणारी शांत माणसं अधूनमधून उतरत, आत्याला ती फार आवडत. मग करोनात तरीची फेरीच बंद झाली. आणि १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. आमचं अर्धं छप्पर गेलं, आणि या वेळी ते कसं बसवायचं हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

विकायचा विषय निघाला, नाही असं नाही. पण आत्या म्हणाली, ‘आधी वही वाचा.’ आम्ही चुलत-मावस भावंडं माजघरात बसून वही उलट्या बाजूनं वाचत गेलो. त्यातून जे कळलं त्यावरच पुढचं सगळं काम झालं. हे घर एकदाच पक्कं करून टाकायचं म्हणून बांधलेलंच नाही. वर्षातून दोनदा उघडायचं आणि पुन्हा मिटायचं, अशा बेतानं ते बांधलंय.

समुद्राकाठी १९९१ पासून किनारा नियमनाचे कायदे आहेत, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय करावं काय करू नये याचे. पाडून मोठं बांधायचा विचार आमच्या मनातही नव्हता. आहे तेच, आहे तेवढंच दुरुस्त करायचं होतं. वसईकडचा एक म्हातारा गवंडी मिळाला. चुन्याचं काम त्यानं बापाच्या हाताखाली केलेलं, नंतर चाळीस वर्षं सिमेंटच. त्यानं पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. छिन्नीनं सिमेंटचा हातभर तुकडा उडवला, आतल्या जुन्या चुन्याला नखानं खरवडलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकला. ‘मीठ.’ मग त्यानं तो तुकडा आम्हाला दाखवला. सिमेंटच्या मागं जुना चुना ओलसर पीठ होऊन बसलेला, त्यात शिंपल्यांचे बारीक पांढरे कण. पूर्वी आमच्याकडे शिंपल्या भाजूनच चुना करत. जोत्याचा पिवळसर मालाडचा दगड मात्र जसाच्या तसा. त्याच दगडाचं काम फोर्टातल्या डेव्हिड ससून ग्रंथालयालाही आहे.

सिमेंट काढायलाच एक हिवाळा गेला. मग भिंतीतलं मीठ ओढून काढायचं. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा साध्या पाण्यात कालवून भिंतीवर थापायचा, सुकू द्यायचा, सोलायचा. सुकताना तो मीठ शोषून घेतो. असं पुन्हा पुन्हा. पाणी विहिरीचं चालेना, त्याला मचूळपणा. तरीतून पिंपं आणावी लागली. तोवर अंगणात खड्डा खणून चुनकळी विझत घातली. पाण्यात पडल्याबरोबर ती उकळायला लागते, वाफ येते, पोरं लांब पळतात. काही आठवडे ती तशीच पाण्याखाली ठेवायची, मग लोण्यासारखी होते. वाळू नदीची, धुतलेली. समुद्राची घातली की पुन्हा मीठ आलंच. गवंडीबाबा थर पातळ देई आणि पुढच्या थराला दिवसेंदिवस थांबवून ठेवी. आमच्या घाईला त्याचं एकच उत्तर, ‘चुना हवा खाऊन पिकतो, त्याला हवा खाऊ द्या.’

सज्जा काढून टाकला. छपराचं सागवान निम्म्याहून अधिक धड निघालं. कौलं उतरवताना काहींच्या पोटावर बासेल मिशनचा शिक्का दिसला. मंगळुरूला १८६५ मध्ये जर्मन मिशनऱ्यांनी काढलेल्या कारखान्याची ती कौलं. ती वेगळी काढून पूर्वेच्या, कमी वाऱ्याच्या बाजूला लावली. खिडक्यांना मुशीचं तेल मिळेना. मोठ्या मुशी आता जाळ्यात येतात कुठं? जवसाचं तेल लावलं. आणि मधल्या दाराची चौकट मी स्वतः खरवडायला घेतली. निळा, पिस्ता, पुन्हा निळा, मग गेरू. सगळ्यात खाली क्रूस, आणि क्रूसाखाली १, आणि ८. पुढचे दोन आकडे वाळवीनं खाल्लेले. आत्याला बोलावलं. तिनं बोटानं ते दोन आकडे चाचपले आणि म्हणाली, ‘म्हणजे पारशी खरंच आले असतील.’

आता वरच्या दोन खोल्या पुन्हा पाव्हण्यांना देतो. पाव्हणा आला की आत्या त्याला पहिल्यांदा तिथी सांगते, मग जेवण. चिंबोरी अजून अवसेलाच. मसाला मी करते. प्रमाण आत्यानं सांगितलं, आणि मी ते वहीत लिहून ठेवलंय. यावर घरात दोन मतं आहेत, पण माझ्यापुढची पिढी सुना-लेकींचा हिशेब ठेवणारी नाही, आणि तोंडी ठेवलं तर ते जाईल ही मला भीती आहे.

मार्वे-मनोरी पुलाची चर्चा मी लहानपणापासून ऐकते. समुद्राचं पाणी गोडं करायचा मोठा प्रकल्पही मनोरीला व्हायचं ठरलंय. पूल झाला तर तरीची गंमत जाईल, असं पाव्हणे म्हणतात. मला पूल हवा आहे. रात्री-अपरात्री कळा सुरू झालेल्या बाईला सुकती बघत बसावं लागू नये, शाळेची पोरं पावसात पलीकडे अडकू नयेत. पुलावरून आलेल्या पाव्हण्याला बोंबील काही कमी कुरकुरीत लागणार नाहीत.

वैशाखाची आणि दसऱ्याची नोंद आता वहीच्या मागच्या बाजूला पुन्हा सुरू झाली आहे. गवंडीबाबांच्या हाताखाली आमच्या पाखाडीतले दोन तरुण होते. एक मासेमारी बंद असते त्या महिन्यांत कामाला यायचा, दुसरा तर कायमच राहिला. बाबांचे गुडघे गेल्यामुळे गेल्या वैशाखात ते खालीच खुर्चीवर बसून होते, त्याच वेताच्या, आणि कौलं त्या दोघांनी उतरवली. त्यातल्या एकाच्या आजीच्या घरालाही असाच सिमेंटचा गिलावा आहे आणि तशीच पांढरी लव आहे. दिवाळी झाली की तो तिथं काम काढणार आहे. चुनकळीची ऑर्डर आम्ही एकत्रच दिली आहे, तरीचं भाडं वाचतं.